वाचकांचे प्रश्न : रक्ताचा सामू, लिंबाची फोड आणि सव्वा लाखाचे पाणी

'अल्कलाइन आहार' या विषयावर या वेळी इतकी पत्रे आली की सदरातले बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. पत्रांचा रोख एकच दिसतो : आम्ल म्हणजे वाईट, अल्कली म्हणजे चांगले, आणि शरीर अल्कलाइन करायचे तर खायचे काय? उत्तरे मूत्रपिंडतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत. सामू म्हणजे पीएच : ७ च्या खाली आम्ल, ७ च्या वर अल्कली.

प्रश्न : माती परीक्षणात आमच्या रानाचा सामू ८.२ आला. मुलगी म्हणते, माणसाच्या रक्तालाही सामू असतो आणि मांस, गहू, चहा यांनी तो बिघडतो. खाण्याने रक्ताचा सामू खरेच बदलतो का?
*– शेतकरी, निफाड*

रक्ताला सामू असतो, इथवर मुलीचे बरोबर आहे. निरोगी माणसात तो ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात असतो, म्हणजे किंचित अल्कधर्मी. खाण्याने मात्र तो त्या पट्ट्याबाहेर जात नाही. मटणाने जात नाही आणि काकडीच्या रसानेही नाही.

याचे कारण तुम्हाला रानातूनच कळेल. चुनखडीच्या काळ्या मातीत सामू उतरवायला माणूस गंधक टाकतो आणि वर्षभराने पुन्हा तपासतो, तर आकडा जवळपास तिथेच. चुना आलेले आम्ल गिळून टाकतो. रक्तात हे काम बायकार्बोनेट (आम्ल गिळणारा क्षार), हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिने करतात. शिवाय रक्ताकडे मातीपेक्षा दोन सोयी जास्त आहेत, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे.

आकडे पाहिले की प्रमाण लक्षात येते. नुसते जगण्यातून शरीरात रोज साधारण १५,००० मिलीमोल (रसायने मोजायचे एकक) कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाण्यात विरघळला की तोही आम्लच, पण तो श्वासावाटे निघून जातो. अन्नातून, मुख्यतः प्रथिनांतल्या गंधकापासून, तयार होणारे आम्ल श्वासावाटे जाऊ शकत नाही. ते भरते वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १ मिलीइक्विव्हॅलंट (इथे मिलीमोलच्याच बरोबरीचे माप), म्हणजे ६० किलोच्या माणसात ६०. ते मूत्रपिंडे लघवीतून काढतात. म्हणून खाण्याने ज्याचा सामू बदलतो ती लघवी. तिचा पट्टा ४.५ पासून ८ पर्यंत, चांगला ऐसपैस. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे सशांवर पाहिले होते. गवत खाणाऱ्या सशाची लघवी अल्कधर्मी आणि गढूळ असते. त्याला उपाशी ठेवले किंवा मांस खाऊ घातले की ती आम्लधर्मी आणि स्वच्छ होते.

लघवी आम्लधर्मी येणे म्हणजे शरीर 'ॲसिडिक' झाले असे नव्हे. आम्ल बाहेर पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

राहिले 'अल्कलाइन म्हणजे चांगले'. ज्याने चोपण, म्हणजे अल्कलीने बिघडलेली, जमीन कसली आहे त्याला हे पटणे अवघड आहे. शरीराचेही तसेच आहे. घाबरून कोणी दोन-तीन मिनिटे भराभर श्वास घेत राहिला तर कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि रक्ताचा सामू खरोखरच वाढतो. मग ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते, बोटे आखडतात. अल्कलाइन रक्त कसे वाटते, तर ते असे.

प्रश्न : मैत्रिणीने पदार्थांची यादी पाठवली आहे. त्यात लिंबू 'अल्कलाइन' आणि तांदूळ, अंडी 'ॲसिडिक'. आंबट लिंबू अल्कलाइन कसे? आमसुलाचे काय? आणि सगळ्या डाळी ॲसिडिक असतील तर रोजच्या वरणाचे काय करायचे?
*– गृहिणी, चिपळूण*

जिभेला लागणारा आंबटपणा आणि शरीरात शिल्लक राहणारे आम्ल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लिंबातले सायट्रिक आम्ल शरीरात जळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते आणि श्वासावाटे जाते. त्याच्या जोडीला आलेले पोटॅशियम मागे उरते आणि ते अल्कलीच्या बाजूने मोजले जाते. कोंबडीच्या मांसात आंबट काहीच नाही, पण त्यातल्या गंधकाचे शेवटी सल्फ्युरिक आम्ल होते.

अशा यादीचे मूळ राखेत आहे. पदार्थ जाळायचा आणि राख आम्लाची की अल्कलीची ते पाहायचे. कोलंबिया विद्यापीठातल्या शर्मन आणि गेटलर यांनी १९१२ मध्ये या पद्धतीचे तपशीलवार आकडे मांडले. राखेत एक मोठी चूक राहते. आतड्यातून कोणते खनिज किती शोषले जाते, हे तिला कळत नाही. ती चूक जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या रेमर आणि मान्झ यांनी १९९५ मध्ये शोषणाचा हिशेब धरून दुरुस्त केली. त्यांच्या आकड्याला 'प्राल' म्हणतात, म्हणजे त्या पदार्थाच्या १०० ग्रॅममुळे मूत्रपिंडांवर पडू शकणारा आम्लाचा भार. उणे आकडा अल्कलीच्या बाजूचा.

हिशेब घरी करता येतो. प्रथिने (ग्रॅम) गुणिले ०.४९, अधिक फॉस्फरस (मिलिग्रॅम) गुणिले ०.०३७. त्यातून वजा करायचे पोटॅशियम गुणिले ०.०२१, मॅग्नेशियम गुणिले ०.०२६ आणि कॅल्शियम गुणिले ०.०१३, ही तिन्ही मिलिग्रॅममध्ये.

मूग घेऊ. १०० ग्रॅम कोरड्या मुगात साधारण २४ ग्रॅम प्रथिने, ३६७ मिलिग्रॅम फॉस्फरस, १,२४६ पोटॅशियम, १८९ मॅग्नेशियम आणि १३२ कॅल्शियम असते. आम्लाची बाजू ११.८ अधिक १३.६, म्हणजे २५.४. अल्कलीची बाजू २६.२ अधिक ४.९ अधिक १.७, म्हणजे ३२.८. उत्तर उणे ७.४. 'सगळ्या डाळी ॲसिडिक' हे वाक्य इथेच पडले. तुरीचा हिशेबही उणेच येतो. मसूर आणि हरभरा शून्याच्या थोडे वर राहतात. शिवाय कडधान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट या दाण्यातल्या संयुगात अडकलेला असतो आणि तो पुरता शोषला जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला भार सूत्राने सांगितल्यापेक्षा कमीच. वरण निर्धास्त करा. वर लिंबाची फोड पिळलीत तर यादीवाल्या मैत्रिणीचीही हरकत नसावी.

रेमर-मान्झ यांच्या तक्त्यातले काही आकडे : पालक उणे १४, बेदाणे उणे २१, केळे उणे ५.५, बटाटा उणे ४, लिंबाचा रस उणे २.५. दूध ०.७, दही १.५, पांढरा तांदूळ ४.६, गव्हाचे कोंड्यासकट पीठ ८.२, अंडे ८.२, कोंबडी ८.७. तांदूळ, पीठ यांचे आकडे कोरड्या मालाचे आहेत. शिजून पाणी प्यायलेल्या भाताचा आकडा वजनाच्या मानाने बराच उतरतो. याद्यांमध्ये बहुतेक गोंधळ इथे होतो, कच्चा तांदूळ आणि शिजलेली भाजी शेजारी-शेजारी मांडतात.

आमसूल आणि चिंच यांबद्दल थोडी सावधगिरी हवी. चिंचेतले टार्टारिक आम्ल सायट्रिकसारखे पूर्ण जळत नाही. बरेचसे आतड्यातले जिवाणू फोडतात, काही लघवीतून तसेच जाते. पण आमटीत पडणारी चिंच किंवा सोलकढीतली चार आमसुले इतकी थोडी असतात की हिशेबात धरायचे कारण नाही.

आता याच तक्त्यातली गंमत. पांढरी साखर उणे ०.१. तेल शून्य. रेड वाइन उणे २.४. म्हणजे साखरेचा पाक आणि वाइन यांवर राहणारा माणूस यादीप्रमाणे 'अल्कलाइन' आणि अंडे-पोळी खाणारा 'ॲसिडिक'. हा आकडा मूत्रपिंडाच्या कामाचा हिशेब सांगतो. पदार्थ चांगला की वाईट हे त्याला विचारायचेच नसते. पालेभाज्या-फळांनी भरलेल्या ताटाने माणसाला बरे वाटते ते तंतू, पोटॅशियम आणि कमी मीठ-तळण यांमुळे, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

प्रश्न : प्रथिने आम्लाने पचतात आणि पिष्ट पदार्थ अल्कलीने, म्हणून डाळ-भात एकत्र खाऊ नये असे एका शिबिरात सांगितले. खरे आहे का?
*– निवृत्त शिक्षक, सातारा*

नाही. जठरातून पुढे सरकलेला घास लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचला की स्वादुपिंडाचा अल्कधर्मी रस त्यात मिसळतो. प्रथिने, पिष्ट आणि स्निग्ध, तिन्ही पचवणारी विकरे (एन्झाइम) त्या एकाच रसात असतात. आणि डाळ भातापासून वेगळी केली तरी डाळीच्या आत प्रथिने आणि पिष्ट एकत्रच असतात. ती कशी वेगळी करणार?

प्रश्न : सोसायटीत एका विक्रेत्याने पाणी अल्कलाइन करणाऱ्या मशीनचे प्रात्यक्षिक दिले. दोन थेंब टाकताच नळाचे पाणी हिरवे, मशीनचे जांभळे आणि कोलाचे पिवळे झाले. किंमत सव्वा लाख. घ्यावे का?
*– वाचक, पुणे*

सव्वा लाख जपून ठेवा.

थेंब खोटे नाहीत. ते रंग बदलून सामू दाखवणारे साधे रसायन आहे. फसगत होते ती सामूचा आकडा आणि अल्कलीचे प्रमाण एकच धरल्याने. पाण्यात आम्ल अडवणारे फारसे काही नसल्यामुळे अगदी क्षुल्लक अल्कलीनेही त्याचा सामू वर उडी मारतो. ९.५ सामूच्या एक लिटर पाण्यात अल्कलीचे हायड्रॉक्साइड असते सुमारे ०.०३ मिलीमोल. जठरातला रस १.५ सामूचा धरला तर त्याच्या एका लिटरमध्ये ३० मिलीमोलच्या वर आम्ल असते. म्हणजे मशीनच्या लिटरभर पाण्यातले ते हायड्रॉक्साइड विझवायला जठराचा एक मिलिलिटर रस पुरतो. पाण्यात मुळातले बायकार्बोनेट असेल तर आणखी थोडा लागेल, पण ते बायकार्बोनेट नळाच्या पाण्यातही होतेच. तुलनेसाठी, एक ग्रॅम खाण्याच्या सोड्यात १२ मिलीमोल बायकार्बोनेट असते.

पुढच्या प्रात्यक्षिकाला एक लिंबू घेऊन जा. जांभळ्या पेल्यात चार थेंब पिळा आणि रंग पाहा. पोटात तेच होते.

मशीनच्या आत प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांमधून वीज जाते आणि पाण्याचे दोन प्रवाह होतात, एक अल्कधर्मी, एक आम्लधर्मी. दुसरा बहुधा मोरीत जातो. वीज वाहायला पाण्यात खनिजे लागतात. आरओच्या पाण्यात ती जवळपास नसल्याने तिथे मशीन नीट चालत नाही, आणि मग खनिजांची वेगळी नळकांडी विकली जाते. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सामू ६.५ ते ८.५ मान्य करते. नळाचे पाणी सहसा त्यातच असते.

प्रश्न : जेवणानंतर छातीत जळजळते. ॲसिडिटी आहे म्हणजे शरीर ॲसिडिक झाले, असे समजून रोज सकाळी लिंबूपाणी आणि रात्री चमचाभर खाण्याचा सोडा घेतो. आराम पडतो, पण टिकत नाही.
*– वाचक, इंदूर*

आपल्याकडे 'ॲसिडिटी' हा शब्द फार गोष्टींना वापरतात. आंबट ढेकर ॲसिडिटी, पित्ताचे डोके ॲसिडिटी, आणि आता रक्तही. तुमची तक्रार जागेची आहे. जठरात आम्ल असायलाच हवे. ते वर अन्ननलिकेत येते तेव्हा जळते, कारण तिला जठरासारखे अस्तर नाही. मध्ये असलेली झडप सैल पडते, म्हणून ते वर येते. रक्ताचा यात संबंध नाही.

सोडा लगेच थांबवा. सपाट एक चमचा, म्हणजे सुमारे ४.५ ग्रॅम सोड्यात १,२०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा २,००० आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे रोजचे ओझे पाय सुजवायला पुरेसे आहे. भरल्या पोटी घेतला तर आम्लाशी मिळून एकदम वायू होतो, पोट ताणले जाते, झडप आणखी उघडते. रात्री बरे वाटून पहाटे पुन्हा जळजळते ते यामुळेही असू शकते.

लिंबूपाणी यादीत 'अल्कलाइन' मोजले तरी सोललेल्या अन्ननलिकेवरून जाताना ते आम्लच असते, लिंबाचा नुसता रस तर २ ते २.५ सामूचा. दातांचे एनॅमल साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागते. प्यायचेच असेल तर जेवणाबरोबर, पातळ करून, नंतर साध्या पाण्याने चूळ. दात अर्ध्या तासाने घासा, लगेच घासले तर मऊ पडलेला थर ब्रशने निघतो. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम थोड्या वेळाने जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात.

उपयोग होतो तो याचा : रात्रीचे जेवण झोपण्याआधी तीन तास उरकणे, ताट थोडे कमी भरणे, पोटाचा घेर कमी करणे, डाव्या कुशीवर झोपणे. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे ठोकळे द्या. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडते आणि त्रास वाढतो. अंगदुखीच्या गोळ्या नेहमी घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. गिळताना अडकणे, वजन उतरणे, काळी शौचास होणे यांतले काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. आणि जळजळ चालल्यावर वाढत असेल, घाम येत असेल, हात किंवा जबड्याकडे जात असेल, तर आधी ईसीजी.

प्रश्न : 'कर्करोग अल्कलाइन शरीरात जगू शकत नाही, याच शोधाला १९३१ चे नोबेल मिळाले' असा संदेश फिरतो आहे.
*– वाचक, ठाणे*

जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते पेशींच्या श्वसनातल्या विकराचे स्वरूप आणि कार्य शोधल्याबद्दल. अल्कलाइन आहाराचा त्यात उल्लेख नाही. कर्करोगाच्या पेशी साखर घाईने, अर्धवट जाळतात आणि लॅक्टिक आम्ल टाकतात, हे त्यांनी दाखवले होते आणि ते खरे आहे. म्हणजे गाठीभोवतीचे आम्ल गाठीनेच केलेले असते. ताटातून ते जात नाही. अमेरिकेत अल्कलाइन आहाराचा मोठा प्रचारक रॉबर्ट यंग याला परवान्याशिवाय वैद्यक व्यवसाय केल्याबद्दल २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात दोषी ठरवण्यात आले. केमोथेरपी चालू असताना 'फक्त फळांचा रस' असल्या पथ्याने वजन घसरते आणि पुढचा डोस लांबतो. नुकसान होते ते असे.

प्रश्न : दूध-अंडी आम्ल करतात आणि ते विझवायला हाडांतले कॅल्शियम जाते म्हणतात. वय ५८, हाडे ठिसूळ आहेत. बंद करू?
*– वाचक, दुबई*

बंद करू नका. प्रथिने वाढवली की लघवीतून कॅल्शियम जास्त जाते, हे निरीक्षण बरोबर होते. ते हाडांतूनच येते, हा तर्क मात्र टिकला नाही. प्रथिनांमुळे आतड्यातून कॅल्शियमचे शोषणही वाढते. कॅनडातल्या टॅनिस फेंटन आणि सहकाऱ्यांनी २००९ आणि २०११ मध्ये उपलब्ध अभ्यासांची छाननी केली, त्यात आहारातल्या आम्लामुळे हाडे झिजतात याला आधार मिळाला नाही. तुमच्या वयात ताटातली प्रथिने कमी करणे हाच हाडे आणि स्नायूंना जास्त मोठा धोका. 'ड' जीवनसत्त्व तपासून घ्या. उन्हाच्या देशात राहूनही घराबाहेर न पडणाऱ्यांत ते कमी निघते.

प्रश्न : मला दोनदा मुतखडा झाला. वडिलांचे क्रिएटिनिन ३.१ आणि बायकार्बोनेट १८ आहे. दोघांनाही अल्कलाइन आहार चालेल ना? मी लघवी तपासायच्या पट्ट्याही आणल्या आहेत.
*– वाचक, लातूर*

ज्यांना या विषयाचा खरा उपयोग आहे ते तुम्ही दोघे. पण दोघांचे उत्तर निराळे आहे.

आधी तुमचे. खडा कोणत्या जातीचा, हे कळल्याशिवाय काहीही सुरू करू नका. पडलेला खडा गाळणीत धरून प्रयोगशाळेत द्या. युरिक आम्लाचा खडा लघवीचा सामू ५.५ च्या खाली राहिला की होतो. साध्या एक्स-रेत तो दिसत नाही. इथे लघवी अल्कलीकडे नेली तर खडा विरघळूही शकतो. डॉक्टर त्यासाठी पोटॅशियम सायट्रेट देतात आणि सामू ६ ते ६.५ च्या आसपास ठेवतात. ७ च्या वर गेला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरायला लागतात, तेव्हा 'जितके अल्कलाइन तितके बरे' इथेही चालत नाही.

सर्वात जास्त आढळणारा खडा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा. त्यात यादीत वरच्या नंबराचा पालक, उणे १४ वाला, उलटा पडतो, कारण तो ऑक्झॅलेटने भरलेला असतो. पालक, चाकवत बाजूला ठेवा, मेथी, दुधी, कोबी घ्या. दूध-दही तोडू नका. जेवणातले कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधून ठेवते. लिंबाचा रस दिवसाला ६० ते १२० मिली, पाण्यात विभागून, लघवीतले सायट्रेट वाढवतो आणि ते खडा धरू देत नाही. पण त्यात मीठ-साखर घातलेले सरबत नको. मिठाने लघवीतले कॅल्शियम वाढते आणि मेहनत फुकट जाते. पाणी किती प्यायलात यापेक्षा लघवी किती झाली हे मोजा, दिवसाला अडीच लिटर हवी. मे महिन्यात लातूरला त्यासाठी साडेतीन-चार लिटर प्यावे लागते. जंतुसंसर्गाने होणाऱ्या खड्यात लघवी आधीच अल्कधर्मी असते, तिथे लिंबू-सायट्रेटचा काही उपयोग नाही, जंतूच काढावे लागतात.

पट्ट्या वापरताना : स्वच्छ कोरड्या भांड्यात मधल्या धारेची ताजी लघवी घ्या, पट्टी बुडवून लगेच काढा, कड टिपा, डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवा. तासभर ठेवलेल्या लघवीत जिवाणू अमोनिया करतात आणि सामू खोटा चढतो. डबीचे झाकण उघडे राहिले की पावसाळ्यात पट्ट्या बाद होतात. पहाटेची लघवी आम्लधर्मी येते आणि जेवणानंतर सामू चढतो, म्हणून एका आकड्यावर जाऊ नका. रोज ठरलेल्या तीन वेळा, आठवडाभर, वहीत लिहा.

वडिलांची मूत्रपिंडे थकली आहेत, क्रिएटिनिन ३.१ चा अर्थ तोच, आणि त्यांच्या बाबतीत आम्ल खरोखर साठते आहे. बायकार्बोनेट २२ च्या खाली गेले की उपचाराचा विचार करतात, कारण आम्लामुळे स्नायू झिजतात, हाडे कमजोर होतात आणि मूत्रपिंडाची घसरण वेगाने होते. फळे-भाज्या वाढवून बायकार्बोनेट सुधारते असे अभ्यासांत दिसले आहे, पण त्यांत रुग्ण निवडताना ज्यांचे पोटॅशियम वाढण्याची भीती कमी होती तेच घेतले होते. अल्कलीच्या यादीत वर असलेला प्रत्येक पदार्थ पोटॅशियममुळे वर आहे, आणि थकलेले मूत्रपिंड पोटॅशियमही बाहेर टाकू शकत नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी रक्तदाबाचे किंवा हृदयाचे औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

म्हणून नारळपाणी बंद, एका शहाळ्यात ६००-७०० मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असते. बेदाणे, केळे, फळांचे रस बंद. 'लो सोडियम' म्हणून मिळणारे मीठ तर घरातच नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. बटाटा सोलून बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी टाकून द्या. मांस-अंड्याचे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ग्रॅममध्ये ठरवून घ्या. डॉक्टर बहुधा सोडाबायकार्बच्या गोळ्या देतील. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ६ मिलीइक्विव्हॅलंट अल्कली आणि १३७ मिलिग्रॅम सोडियम असते, तेव्हा ताटातले मीठ त्या हिशेबाने उतरवायचे. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि बायकार्बोनेट पुन्हा तपासा. पायांतली ताकद अचानक गेल्यासारखी वाटली किंवा नाडी अडखळू लागली तर पोटॅशियम वाढलेले असू शकते, त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्या.